विनामूल्य प्रवेशाची किंमत

लंडनमध्ये चहाच्या कपाचाही हिशेब ठेवणारा प्रवासी ब्रिटिश म्युझियमच्या दारात मात्र निर्धास्त असतो. तेथे प्रवेशशुल्क नाही. १५ जानेवारी १७५९ रोजी हे संग्रहालय खुले झाले, तेव्हाही नव्हते.

परंतु त्या काळचे ‘विनामूल्य’ मोठे मानी होते. आधी द्वारपालाकडे लेखी अर्ज करायचा. त्यात नाव, सामाजिक दर्जा आणि पत्ता नोंदवायचा. मग तिकिटासाठी पुन्हा खेटे. आत गेल्यावर छोट्या गटातून, अधिकाऱ्याच्या मागोमाग दालने भराभर पार करायची. पैसा लागत नसे. प्रतिष्ठा आणि दिवसाची सवड लागे. मजुराजवळ दोन्ही कोठून असणार?

१९७४ मध्ये काही काळ शुल्क आकारून पाहिले गेले. ते टिकले नाही.

आज पाठीवर पिशवी घेऊन आलेला कोणीही अमरावतीच्या (विदर्भातील नव्हे, आंध्रातील) बौद्ध स्तूपाच्या शिल्पांसमोर निवांत उभा राहू शकतो. एकोणिसाव्या शतकात मद्रासमार्गे लंडनला नेलेली ही शिल्पे १८८० पासून या संग्रहालयाकडे आहेत. भारतीय विद्यार्थ्यालाही ती विनामूल्यच पाहता येतात. व्हिसाचे शुल्क आणि विमानाचे भाडे तेवढे त्याने आधी भरलेले असते.