शरदातील गादी

घनसावंगीच्या परिसरात शरद अवतरला, की आकाशात रिते मेघ आणि शेतात फुटलेला कापूस अशी दुहेरी शुभ्रता दिसू लागते. ज्येष्ठात सायंकाळी ७ नंतर मावळणारा सूर्य आश्विन सरताना ६ च्या सुमारासच अस्तास जातो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आमच्या घराची त्यामुळे ओढाताण होते. दुकानात नेमकी तीच गर्दीची वेळ. बाबा कित्येकदा उपाशीच राहत. यंदा शिक्षण संपवून मी घरी आले. आता आधी मी जेवते आणि बाबा जेवून येईपर्यंत गादी सांभाळते.

कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचलेल्या बायका त्याच वेळी किराणा घ्यायला येतात. वेचणीची मजुरी किलोवर असल्याने हिशेब त्यांना तोंडपाठ. माझी बेरीज होण्याआधीच त्यांचे उत्तर तयार असते. प्रारंभी त्या विचारीत, “शेठजी कुठं गेले?” आता म्हणतात, “ताई, आमच्या खात्यावर मांडा.” या शब्दांनी माझा सारा दिवस उजळतो.

महावीर निर्वाणाची अमावास्या जवळ आली आहे. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवरील पहिले ‘श्री’ मी लिहावे, असे बाबांनी काल आईला सांगितले.