भिंतीचा होकार

पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात सायकलचा स्टँड भिंतीला लावायचं काम चाललं होतं. चुन्याचा गिलावा संपला आणि ड्रिलखालून गेरूसारखी तांबडी भुकटी गळायला लागली. मिस्त्री थांबला. "जांभा हाय दादा. ह्याला हॅमर नगं, नुसतं फिरवायचं."

टेबललँडचा माथा याच दगडाचा. मलबारात हिंडताना फ्रान्सिस बुकाननला त्याचं नवल वाटलं होतं. जमिनीतून काढताना लोखंडी हत्यारानं सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो, असं त्याच्या 1807 सालच्या प्रवासवर्णनात आहे. आमच्याकडे पोराला हवा लागली म्हणजे ते कामातून गेलं. जांभा तेवढा हवेनं सुधारतो. पण अंगभर छिद्रं ती छिद्रंच. रावळप्लग ठोकावा तर आत नेमकी पोकळी निघते.

सायकल असते 15 किलोची. पण ती भिंतीपासून 30 सेंटिमीटर पुढे लोंबणार असेल आणि स्टँडचे वरचे-खालचे बोल्ट एकमेकांपासून 20 सेंटिमीटरवर असले, तर वरच्या बोल्टांना मिळून साडेबावीस किलोची ओढ बसते. खालचे नुसते भिंतीला रेलून असतात. घरातसुद्धा असंच असतं म्हणा.

भिंतीत पक्कं बसलेलं काही मी पाहिलं ते वाईला, गणपती आळीतल्या आत्याच्या घरी. माजघरात दाराशेजारी सागवानी खुंटाळं. भिंत रचतानाच सुताराला बोलावून खुंट्या आत घेतलेल्या, त्यामुळे दिसायच्या वीतभर आणि आत हातभर. तोंडं जराशी वर, म्हणून टांगलेलं कधी घसरलं नाही. पहिल्या खुंटीवर आतोबांचा कोट, दुसरीवर छत्री, तिसरीवर भाजीची पिशवी. चौथी रिकामी. तिच्यावर कोणी काही अडकवलं की आत्या न बोलता काढून ठेवायची. ती थोरल्या दिरांची, ते मुंबईला गेले ते गेलेच. आम्हा पोरांना त्या खुंटीला लोंबकळायची मुभा मात्र होती. एकदा तिघं एकदम लटकलो, तर आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "लटका, लटका. ती नाही पडायची, तुम्हीच पडाल." पुढे घर पाडलं तेव्हा बाकीची भिंत दुपारपर्यंत आडवी झाली. खुंटाळ्याजवळचा भाग गड्यांनी शेवटी पहारीनं उचकटला. आता तिथे चार मजले आहेत आणि कपडे दारामागच्या चिकटवलेल्या हुकावर.

पसरणीचा घाट चढून आलेली सायकल अशी भिंतीला टांगलेली मला खरं तर बघवत नाही. तिनं दोन्ही चाकांवर उभं राहावं. असो, जागा नसते. पसरणीवरून आठवलं, बांधकामवाले बी. जी. शिर्के तिथलेच. त्यांच्या सिपोरेक्सच्या ठोकळ्यांनी पुण्यामुंबईच्या कितीतरी भिंती उभ्या राहिल्या. हलके, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले. त्यांतही साधा प्लग धरत नाही, लांब आणि खास लागतो. म्हणजे एकाच पंचक्रोशीचं दोन सच्छिद्र भिंतींशी नातं, एक निसर्गाची आणि एक कारखान्यातली.

मिस्त्रीनं मग तोड काढली. सांधे टाळून चिऱ्यांच्या पोटात सहा भोकं पाडली, भुकटी फुंकून साफ केली, रसायनाची लुकण भरून त्यात बोल्ट बसवले आणि ती रात्रभर सुकू दिली. दुसऱ्या दिवशी त्या बोल्टांवर सागाची रुंद फळी आवळली आणि स्टँड फळीला लावला. ओढ सहा ठिकाणी वाटली गेली. बोल्ट स्टेनलेसचे, कारण इथलं पावसाळी धुकं गॅरेजातही शिरतं आणि साध्या लोखंडाला सोडत नाही.

दुकानदार स्टँडची ताकद सांगेल, भिंतीची सांगणार नाही. ती तुम्हीच बोटांनी वाजवून आणि आडबाजूला एक बारीक भोक पाडून विचारून घ्या. आणि सायकल अडकवण्याआधी स्टँडला हातानं चांगले हिसके द्या. खुंटा हलवूनच बळकट करायचा असतो.