बंबात गेलेली काठी



गेल्या वेळी लिहिलेल्या फणसाच्या लेखावर बऱ्याच जणांनी विचारलं की बाई, कॅनडाबद्दल कधी लिहिणार? दोनदा जाऊन आलात आणि एक अक्षर नाही! खरं सांगायचं तर तिथले मोठमोठे धबधबे आणि बर्फाचे डोंगर यांच्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. मी जे पाहिलं ते म्हणजे एक सपाट मुलूख, काही तळी आणि एक मासा. पण त्या माशाच्या निमित्ताने असं काही कळलं की ते लिहावं की नाही यातच इतके दिवस गेले. आता लिहितेच.

माझा मुलगा विनिपेगला असतो. म्हणजे मॅनिटोबा प्रांतात, कॅनडाच्या बरोबर मध्यावर. जून २०२४ मध्ये मी तिकडे असताना एका गुरुवारी तो म्हणाला, "आई, शनिवार-रविवार माझ्याबरोबर मासे गरवायला येशील? सूनबाईला आणि तुझ्या नातीला कंटाळा येतो. तू कुडाळची आहेस, तुला तरी कळेल."

मी पंच्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. पण "गरवायला" हा शब्द त्याच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकला आणि हो म्हणून बसले. हो म्हटलं त्याला आणखी एक कारण होतं, ते पुढे येईल.

विनिपेगहून रॉब्लिन नावाचं गाव साधारण चारशे किलोमीटर. पोर्टाज ला प्रेरीपर्यंत रस्ता असा सपाट, की कुणीतरी पट्टी लावून आखल्यासारखा. मुलगा म्हणाला, बर्फयुग संपत आलं तेव्हा इथे ॲगसीझ नावाचं प्रचंड सरोवर होतं, आपण त्याच्या तळावरून चाललोय. तीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला, पण सरोवराच्या तळावरून गाडीने जाण्याचा प्रसंग पहिलाच! पुढे यलोहेड हायवे लागतो आणि नीपवानंतर जमिनीला जरा चढउतार येतात. या नीपवा गावात मार्गारेट लॉरेन्स ही कादंबरीकार १९२६ साली जन्मली. तिच्या 'द स्टोन एंजल' या १९६४ च्या कादंबरीत नव्वदीची एक म्हातारी आहे, अत्यंत मानी आणि हेकट, मुलाशी नीट दोन शब्द न बोलणारी. नातीला ती शाळेत होती, तिनेच गोष्ट सांगितली होती. मी मुलाला म्हटलं, "बघ, तुझी आई त्यामानाने बरी." तो हसला नाही, फक्त "हं" म्हणाला. त्या "हं"ची मी पुढे बराच वेळ नोंद घेत बसले.

मिनेडोसाच्या आसपास दोन्ही बाजूंना लहानलहान डबकी आणि तळी दिसू लागली, प्रत्येकात बदकं. बर्फाचे मोठे तुकडे मातीत गाडले गेले, ते वितळल्यावर जे खड्डे राहिले त्यांची ही तळी झाली. रसेल गावाच्या पुढे जरा आडवाट करून इंग्लिस गावात धान्याची जुनी लाकडी कोठारं पाहिली. पाच कोठारं एका ओळीत, बहुतेक १९२० च्या दशकातली, पूर्वी रेल्वेने गहू जायचा तेव्हाची. अशी शेकडो होती म्हणे, बाकीची पाडली गेली. ही पाच मात्र राष्ट्रीय वारसा म्हणून राखलीत. आसपास कांद्याच्या आकाराचे घुमट असलेली युक्रेनी लोकांची चर्चेस दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही माणसं इथे येऊन झाडं तोडून शेती करू लागली. त्यांच्या आया मागे राहिल्या असतील, त्यांचं काय झालं असेल, असं माझ्या मनात आलं. वय झालं की असंच सुचतं.

आता माशांकडे येऊ.

तिथे ज्या माशासाठी लोक तासन् तास गाडी हाकत येतात तो ट्राउट. आपल्याकडे ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि पुढे निलगिरीत सोडला तोच. गंमत म्हणजे प्रेरीच्या या तळ्यांतही तो मूळचा नाही. रेनबो ट्राउट हा खरा पॅसिफिक किनाऱ्याकडचा. त्याला अंडी घालायला वाहतं पाणी आणि तळाशी खडी लागते, ती या तळ्यांत नाही. म्हणून हॅचरीत पिल्लं वाढवतात आणि तळ्यांत आणून सोडतात. पण एकदा सोडला की मासा झपाट्याने वाढतो, कारण ही तळी उथळ आणि भलतीच सकस. किडे, जळवा, गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी यांची नुसती रेलचेल.

आणि हाच सकसपणा हिवाळ्यात जिवावर उठतो. वर बर्फ जमतं, त्यावर हिम साठतं, उजेड आत जात नाही. पाण्यातल्या वनस्पती मरतात, कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरून मरतात. म्हणून काही तळ्यांत हिवाळाभर यंत्राने हवा खेळती ठेवतात.

मी म्हटलं, "म्हणजे बाहेरून मासे आणायचे, यंत्राने त्यांना जगवायचं, मग गळ टाकून पकडायचे आणि परत सोडून द्यायचे? हा कसला उद्योग!"

"आई, दिवसभर कुणाचा फोन येत नाही," एवढंच तो म्हणाला.

इथे ते कारण सांगते. २०२३ च्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली होती. मला चार महिन्यांनी कळलं, आणि तेही सूनबाईच्या तोंडून चुकून. दर रविवारी आम्ही बोलत होतो. दर रविवारी तो "सगळं छान आहे" म्हणत होता. पुढे दुसरी नोकरी लागली, पण ते चार महिने माझ्या मनातून जात नव्हते. पोटच्या मुलाने आपल्याला का सांगू नये? हे विचारायला मला दोन दिवसांचा निवांत वेळ हवा होता.

रॉब्लिनजवळ एका तळ्याकाठी केबिन घेतली होती. माझ्या नावाचाही परवाना त्याने काढला होता, त्यामुळे मी कायदेशीर मासेमार! दुपारी लहानशा होडीत बसलो. डासांचं काय सांगू, कोकणातला पावसाळा परवडला. त्यांच्याच जातीचा दिसणारा पण न चावणारा एक किडा तिथे असतो. त्याची लालबुंद अळी तळाच्या चिखलात राहते, मोठी झाली की कोश होऊन हळूहळू वर येते, आणि वर येताना मासे तिला मटकावतात. मुलाच्या डबीत त्या कोशाच्या हुबेहूब नकला होत्या. नखाएवढा गळ, त्यावर काळा दोरा गुंडाळलेला, त्यावर तांबड्या तारेचे वेढे आणि डोक्याशी पांढरा ठिपका. हिवाळ्यात रात्री बसून त्याने स्वतः केलेले. त्या चार महिन्यांतच केले असणार. मी विचारलं नाही.

गळाला उलटा काटा नव्हता. मॅनिटोबात तसा नियमच आहे, म्हणजे मासा सोडताना त्याला कमी इजा होते. आपल्या गरीला वजन बांधून भिरकावतात. इथे गळ पिसासारखा हलका, म्हणून दोरीच जाड नि जड असते आणि फेकायची असते ती दोरी. मुलाचा हात पुढे-मागे होत होता आणि ती पिवळी दोरी हवेत वेलांटी काढत होती. मला ते जमण्यातलं नव्हतं. मी आपली तरंगत्या बोंडावर नजर ठेवून बसले.

आणि बसल्या बसल्या, जे विचारायला आले होते ते न विचारता, भलतंच बोलून गेले.

"तुझी चिवारीची काठी मी बंबात घातली होती, आठवतं?"

मंडळी, हे १९८८ सालचं. हा आठवीत. सहामाहीत गणितात नापास झाला आणि मी त्याच शाळेत बाई! शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी सगळ्यांसमोर पेपर माझ्या हातात दिला. घरी आले तर हा नदीवर. त्याच्या वडिलांनी त्याला पावसाळ्याआधी चिवारीची छान सरळ काठी तासून दिली होती, वर मेण लावून गुळगुळीत केली होती. तो परत आला तेव्हा मी ती काठी त्याच्या हातातून घेतली, मोडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बंबात घातली. तो रडला नाही. ह्यांनी आंघोळ करून बाहेर येताना एवढंच म्हटलं, "आज पाणी बेगीन तापला." बस्स. पुढे त्या विषयावर घरात कोणीच बोललं नाही. हे २०१६ साली गेले, तरीही ते वाक्य अजून कधी कधी पहाटे ऐकू येतं.

होडीत मी म्हटलं, "चुकलंच माझं तेव्हा." छत्तीस वर्षांनी.

मुलगा दोरी ओढत होता, थांबला. म्हणाला, "अगं, बाबांनी दुसरी करून दिली होती ना. त्याच आठवड्यात. गोठ्याच्या माळ्यावर असायची, पेंढ्याच्या मागे. दहावीपर्यंत वापरली मी. तुला खरंच माहीत नव्हतं?"

नव्हतं. खरंच नव्हतं.

आधी मला हसू आलं. मग हायसं वाटलं. आणि मग, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. त्या काठीचं ओझं मी इतकी वर्षं एकटीने वाहिलं, आणि ते दोघे माझ्या पाठीमागे खुशाल नदीवर जात होते! ह्यांनी शेवटच्या आजारपणातही सांगितलं नाही. इतकी का मी कडक होते? आणि मग नोकरीचे ते चार महिने का कळले नाहीत, याचंही उत्तर मला न विचारताच मिळालं. पेंढ्यामागे लपवायची सवय ह्या घरात मीच लावली होती.

तेवढ्यात बोंड पाण्याखाली गेलं.

"उचल, आई, उचल!" काठी अशी वाकली की मला वाटलं मोडणार. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला. अंगावर गुलाबी पट्टा, पाठीवर काळे ठिपके. मुलाने जाळीत घेतला. सोडायचाच होता, पण गळ खोल जाऊन कल्ल्यात लागला होता आणि रक्त थांबत नव्हतं. उलटा काटा नसला म्हणून काय झालं, लागायचं तिथे लागतंच. मुलाचा चेहरा पडला. "हा नाही जगणार," म्हणाला. नियमात एक ठेवायला परवानगी होती, तेव्हा त्याने तो ठेवला. डोक्यावर एक नेमका टोला, आणि संपलं. तसा तो हळवाच आहे.

केबिनवर आल्यावर कळलं की चिरंजीव इतकी वर्षं मासे धरून सोडतच आलेत, त्यामुळे साफ करायचा सराव नाही! मग मीच सुरी घेतली. पोट चिरलं, आतली पिशवी सहज उघडून पाहिली तर काय? आत चक्क जवळा! म्हणजे तीच ती गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी, अगदी आपल्या जवळ्यासारखी. मुलालाही बोलावून दाखवली. मासा केशरी-गुलाबी होता, तोही त्या कोळंबीमुळेच. हळद, तिखट, मीठ आणि घरून नेलेलं कोकमाचं आगळ लावलं, रव्यात घोळवून तव्यावर टाकला. तिरफळं नव्हती, पण या माशाला ती हवीतही कशाला. चव जराशी रावसाच्या जवळपासची. दोघांनी काटासुद्धा ठेवला नाही.

जेवून पायरीवर बसलो. साडेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. तळ्यावर कुठलासा पक्षी लांबलचक ओरडत होता. मी म्हटलं, "आणखी काय काय लपवलंयत माझ्यापासून?"

तो म्हणाला, "यादी मोठी आहे."

"सांग. इथे कुठे लवकर अंधार पडतोय."

जरा वेळ तो गप्पच होता. मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक जुनी, हसण्यासारखी. दुसरी त्या चार महिन्यांतली. ती मी इथे लिहिणार नाही, ती त्याची आहे. मला मधे तीन वेळा तरी बोलावंसं वाटलं, उपदेशाची वाक्यं अगदी ओठांवर आली होती. बोलले नाही. पंच्याहत्तराव्या वर्षी एवढं जमलं.

असो. बरंच लांबलं. परत आल्यावर कुडाळच्या घरी गेले होते. गोठा कधीच मोडला, तिथे आता भाच्याची गाडी उभी असते. तरी जाऊन उभी राहिले जराशी. पेंढा नाही, माळा नाही, काहीच नाही. भाच्याने विचारलं, "मामी, काय शोधता?"

म्हटलं, "काही नाही रे. तुझ्या मामांची एक वस्तू होती."