पहाटेचा सराव आणि पोरांची झोप

खेळाडू मुलाला घेऊन पालक माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार झोपेची नसतेच. चिडचिड वाढलीय, सरावात मन लागत नाही, हातात आलेली मॅच घालवतो, कारण नसताना रडू येतं. ‘पोर मनानं कच्चं आहे’ असं कुणीतरी सांगूनही झालेलं असतं. मी आधी एवढंच विचारते: रात्री किती वाजता झोपतोस आणि उठतोस कधी? साडेअकरा आणि साडेचार, असं उत्तर मला वारंवार मिळतं.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. त्याचा स्वतःचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो आणि सकाळचा उजेड त्याला रोज जुळवून घेतो. वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकतं, मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. म्हणून सोळा वर्षांच्या मुलीला नऊला अंथरुणावर पाठवलं तरी ती छताकडे बघत पडून राहते. मोबाइल यात भर घालतो हे खरंच, पण मूळ कारण तिचं वय आहे. तिला आठ ते दहा तास झोप हवी असते आणि आपण पहाटेच्या टोकाकडून ती कापतो.

ऑस्ट्रेलियातल्या अव्वल जलतरणपटूंची झोप मोजलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सकाळी सहाच्या सरावाआधीच्या रात्री ते सरासरी ५.४ तास झोपत होते, सुट्टीआधीच्या रात्री ७.१. खेळाडू मोजकेच होते, पण मी जे रोज ऐकते तेच त्या आकड्यांत आहे.

‘आमच्या वेळी तालमीत चारलाच उठायचे’, असं प्रशिक्षक सांगतात. बरोबर आहे. पण कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल सकाळची मेहनत आणि खुराक झाल्यावर दुपारी झोपायचा, रात्री लवकर आडवा व्हायचा, आणि वस्ताद ते काटेकोर पाळून घ्यायचे. आपण त्या दिनक्रमातली पहाट तेवढी उचलली. दुपारच्या झोपेच्या जागी शाळा आली, मग क्लास, मग संध्याकाळचा दुसरा सराव.

बरं, पहाटे शरीर सर्वात चपळ असतं असंही नाही. २००४ ते २०१६ या चार ऑलिंपिकमधल्या जलतरणाच्या वेळा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा संध्याकाळी पाचच्या सुमाराला वेग सर्वाधिक आणि सकाळी सर्वात कमी आढळला. तरीही अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी बीजिंगला अंतिम शर्यती सकाळी झाल्या आणि रिओत रात्री दहानंतर. वेळापत्रक ठरवताना खेळाडूच्या शरीराला कुणी विचारत नाही, मग ते ऑलिंपिक असो की तालुक्याचं क्रीडासंकुल.

मनाच्या बाबतीत तर मला याची फारच काळजी वाटते. दीर्घकाळ झोप न लागणाऱ्या माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. नैराश्य झोप बिघडवतं आणि बिघडलेली झोप नैराश्य वाढवते. गाठ कुठून पडली हे पुढे सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ साली खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं निवेदन काढलं, त्यात झोपेच्या विकारांना स्वतंत्र जागा आहे. आपल्याकडे निवड चाचणीत उंची, वजन, धावण्याची वेळ सगळं लिहून घेतात. झोपेचा रकाना मी अजून कुठे पाहिलेला नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र मी मुलांना घाबरू देत नाही. तेव्हा बहुतेकांना नीट झोप लागत नाही, आणि एका रात्रीनं महिन्यांची मेहनत वाया जात नाही. आधीचा आठवडा सांभाळायचा. पण स्पर्धा संपूनही दोन-तीन आठवडे झोप परतली नाही, तर थांबू नये, डॉक्टरांकडे यावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा सरकलेलं असतं ती नववी-दहावीची मुलं त्यातून सुटली. उन्हाळ्यात पहाटेला पर्याय नसतो, हे मला मान्य आहे. ऊन खाली आल्यावर, दिवाळीनंतरच्या चार महिन्यांत तरी सराव तासभर पुढे ढकला, असं मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगते.