कुंची

गेल्या जानेवारीत माझी भाची झाशीला आली, तेव्हा तिच्या बॅगेत एक काळी, जाड, रबरासारखी टोपी होती. आईने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कुणाची कुंची गं?"

भाची हसली. मी मात्र थबकले. 'डायव्हिंग हूड'ला मराठीत काय म्हणावं याचा मी आदल्या रात्रीच विचार केला होता. भाषांतराचा धंदा असला की असले चाळे सुटत नाहीत. शिरस्त्राण लढाईवर जातं, कानटोपी मानेपर्यंत पोहोचत नाही. डोकं, कान, मान झाकून खांद्यावर उतरणारी आणि चेहरा तेवढा उघडा ठेवणारी वस्तू म्हणजे कुंची. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळली, तरी बाळंतविड्यातले शब्द तसेच राहिले आहेत.

भाची पुण्यात वाढली. पाण्याखाली जायला ती शिकली तारकर्लीला, एमटीडीसीच्या संस्थेत. तिथलं पाणी कोमट, डोकं झाकायची गरज नाही. आता ती स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सागरी जीवशास्त्र शिकते. तिथला समुद्र हिवाळ्याच्या शेवटी ७ अंशांच्या आसपास उतरतो आणि उघडं कपाळ ठणकायला लागतं. म्हणून ही कुंची, निओप्रीनची. निओप्रीन म्हणजे १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलेलं कृत्रिम रबर. पाणबुड्यांच्या कपड्यांसाठी त्यात वायूचे बारीक बुडबुडे भरून फेस करतात आणि वर नायलॉनचं कापड चिकटवतात. थंडी अडवतात ते हे बुडबुडे.

अडचण चेहऱ्याच्या भोकाची होती. डोळ्यांवरच्या मास्कला सिलिकॉनची मऊ झालर असते. ती उघड्या कातडीवर टेकली तरच पाणी बाहेर राहतं. भाचीच्या कुंचीचं भोक लहान होतं, त्यामुळे तिची कड कपाळावर आणि कानशिलांवर झालरीच्या खाली जायची. नोव्हेंबरात १० मीटर खोल असताना मास्क भरला. नाकाने हवा फुंकून तिने तो रिकामा केला, पुन्हा भरला. चौथ्यांदा नाकात पाणी गेलं आणि ती घाबरून भरभर वर आली. १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. वर येताना श्वास रोखला गेला, तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. तिला काही झालं नाही, पण त्यानंतर ती पाण्यात उतरलेली नव्हती.

हे तिने मला रात्री सांगितलं, आजीला नाही. आईचा थोरला भाऊ १९६९ साली ओरछ्याला बेतवेत बुडाला. आई तेव्हा चौदा वर्षांची होती, काठावर कपडे धरून उभी. आम्ही रामराजाच्या दर्शनाला जायचो, पण देवळातून परस्पर घरी. कंचना घाट मी कॉलेजात गेल्यावर पाहिला. मला आणि माझ्या भावाला अजून पोहता येत नाही.

सकाळी आई पूजेत असताना आम्ही अंगणात बसलो. भाचीने कुंची घातली, वर मास्क लावला, आणि झालर जिथे टेकत होती तिथे मी खडूने रेघ ओढली. कुंची काढून मी रेघेवर कात्री लावली.

"थांब," मागून आई म्हणाली. "गळा आहे तो."

तीस वर्षं आईने झाशीतल्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवले. खडू कशासाठी, हे तिने विचारलं नाही. माझ्या हातातली कात्री बाजूला ठेवून तिने आपली मेरठची काढली.

"कड शिलाईने ओढून धरलीय. आधी शिलाई तेवढी काढ, गळा आपोआप सैल होतो. मग बघ किती उरतंय. मोठा कधीही करता येतो, लहान करता येत नाही."

तिने दोन सुतांची पट्टी कापली, मध्ये न थांबता, कात्रीचं पूर्ण पातं वापरून. "खाच राहिली की तिथून फाटतं." भाचीने पुन्हा घालून पाहिलं. भोक खरंच पुष्कळ पसरलं होतं. मी रेघेवर कापलं असतं, तर निम्मं कपाळ उघडं पडलं असतं. आईने कपाळाशी आणि कानशिलांशी आणखी एक एक सूत काढलं. हनुवटीला हात लावला नाही. कापलेली कड उसवत नाही, दुमडावी लागत नाही, याचं तिला नवल वाटलं.

भाचीने पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवला आणि नाकाने श्वास आत ओढला. हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला.

"पाण्यात बघ," आई म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने स्वतःच न्हाणीतलं घंगाळ गार पाण्याने भरलं. भाचीने वाकून चेहरा पाण्यात घातला. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. दाबला नाही, काढलाही नाही. मी मोजत होते. पस्तीसला भाची वर आली. मास्क आतून कोरडा होता.

आईने कुंची उलटी करून दोरीवर टाकली, जमिनीवरच्या काळ्या पट्ट्या गोळा केल्या. मग पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "पोहायला नीट येतं ना तुला?"

आमच्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"हो आजी."

"मग घाईने वर नाही यायचं," आई म्हणाली. रात्री आम्ही बोलत होतो, तेव्हा मधलं दार उघडं होतं, हे मला तेव्हा आठवलं.