विषयाची रिकामी रेघ

दहावीची परीक्षा संपली आणि माझ्या भाचीनं मिरजेच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली. रात्री जेवणं झाल्यावर ती वही घेऊन माझ्याजवळ बसली. मुखपृष्ठावर नेहमीची चौकट होती: नाव, इयत्ता, तुकडी, विषय. नाव तिनं वळणदार अक्षरात घातलं. दहावी संपलेली, अकरावी अजून लांब, म्हणून इयत्ता आणि तुकडीपुढे आडव्या रेघा मारल्या. मग पेन तसंच धरून म्हणाली, "मावशी, विषय काय घालू? मला सगळंच लिहायचंय."

"राहू दे रिकामा," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. विषय न घातलेली वही शाळेत परत यायची, असं ती म्हणाली.

त्या रात्री मला माझी आठवीतली वही आठवली. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात मी आजीच्या ओल्या लाकडांविषयी लिहिलं होतं. चूल पेटेना, फुंकणीनं फुंकून तिचे डोळे लाल झाले, आणि त्या धुरातच ती लहानपणी वारलेल्या आपल्या भावाबद्दल पहिल्यांदा बोलली. तपासून आलेल्या वहीत समासात लाल शाईचा एकच शब्द होता, 'विषयांतर'. पुढच्या वेळी मी छत्री, चिखल आणि इंद्रधनुष्य लिहिलं, चांगले गुण मिळाले. आजीचा भाऊ पुन्हा कागदावर यायला त्यानंतर तीस वर्षं गेली. तोवर त्याचं नाव सांगू शकणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

'निबंध' या शब्दातच बांधणं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा त्यांना वाद मांडायचे होते. त्या लेखनाला बांधणी हवीच होती. पण पंधराव्या वर्षी काय सिद्ध करायचं असतं? त्या वयात सगळं एकदम अंगावर येतं. मैत्रिणीचं तुटक बोलणं, आईच्या हाताची नवी सुरकुती, गणिताची भीती, आरशातला अनोळखी चेहरा. यातून एक निवडून बाकीचं गप्प बसव, असं त्या मुलीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मला अ‍ॅन फ्रँक आठवते. १२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवशी, तिला लाल-पांढऱ्या चौकटींची वही मिळाली. सुरुवातीच्या पानांवर वाढदिवसाच्या भेटी आहेत, वर्गातल्या मुलामुलींची वर्णनं आहेत. महिना उलटायच्या आत, ६ जुलैला, तिचं कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपून राहायला गेलं. मार्च १९४४मध्ये लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्यानं लोकांना युद्धकाळातल्या रोजनिशा आणि पत्रं जपून ठेवायला सांगितलं. ते ऐकल्यावर, त्याच वर्षी मे महिन्यात, आपल्या रोजनिशीचं पुस्तक करायचं मनात धरून ती सगळं नव्यानं लिहायला बसली. ४ ऑगस्टला अटक होईपर्यंत दोनशेहून अधिक सुटे कागद लिहून झाले होते. म्हणजे वही आधी आली, आणि पुस्तक होण्याजोगं आपल्याकडे काही आहे हे तिला जवळजवळ दोन वर्षांनी कळलं. पहिल्याच दिवशी तिला विषय विचारला असता, तर तिनं काय सांगितलं असतं?

मे महिन्यात भाचीनं आपण होऊन मला वही वाचायला दिली. मी हात धुऊन ती घेतली. पहिली काही पानं घाबरतच लिहिली होती, तारीख आणि जेवणात काय होतं एवढंच. मग एका पानावर सतारमेकर गल्ली आली. तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर ती तासभर बसली होती. कारागीर तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होता. बराच वेळ तार नुसतीच वाजत राहिली, आणि एका जागी धागा थांबला तेव्हा तीच तार गुंजायला लागली. 'आवाज तारेतून निघून भिंतीवर बसला,' असं तिनं लिहिलं होतं. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात, हा शब्द ती त्याच दिवशी शिकली आणि खाली तिनं तो दोनदा गिरवला.

पुढे कुठल्या कुठे गेली होती ती. शेजारच्या घरातला खोकला. फोनवर पैशांचं बोलताना बाबांचा खाली उतरणारा सूर. रुसलेल्या मैत्रिणीसोबत सायकल हातात धरून चालताना नुसता चाकांचा टकटकाट. मी वाचत गेले आणि मला दिसलं की ही मुलगी पानोपानी ऐकते आहे. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण एकदा सांगितलं असतं, तर उद्यापासून ती आवाज शोधत हिंडली असती आणि आईच्या हाताच्या सुरकुतीकडे तिचं लक्षच गेलं नसतं.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"त्या कारागिराकडे परत गेलीस का?"

"उद्या जाणारे. तो भोपळा कसा वाळवतात ते सांगणार म्हणालाय." वही घेऊन ती उठली. मुखपृष्ठावरच्या त्या शेवटच्या रेघेवर कुठूनसं हळदीचं बोट लागलं होतं.