नाव आणि गाव

आपल्याकडे अनोळखी माणसाची ओळख करून घ्यावयाची ती दोन प्रश्नांनी. नाव काय, आणि गाव कोणते? पुरुषाला ही दोन्ही उत्तरे एका दमात देता येतात. लग्न झालेल्या स्त्रीला मात्र क्षणभर थांबावे लागते. कोणते नाव सांगावे, आईबापांनी ठेवलेले की लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले? आणि गाव म्हणजे जेथे जन्म झाला ते, की जेथे चूल आहे ते?

माझा जन्म ओतूरचा. जुन्नर तालुक्यातले, मांडवी नदीच्या काठचे, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या कल्याण-नगर रस्त्यावरचे हे गाव. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी येथे मानतात. नदीकाठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे आणि बाजाराला कांद्याचा वास आहे. सासर पुण्याचे आणि नोकरीही पुण्याचीच. पुण्यात मी 'जुन्नरकडची' ठरते. माझ्या बोलण्यातला एखादा शब्द कोणी हसून परत उच्चारतो. ओतूरला गेले म्हणजे शेजारच्या काकू 'आल्या का पुणेकरीण?' म्हणून स्वागत करतात. दोन्हीकडे माया आहे, यात संशय नाही. परंतु दोन्हीकडे मी पलीकडची आहे. येथे मी अमक्यांची थोरली, तेथे अमक्यांची सून, आणि कचेरीच्या दप्तरात तर लग्नापूर्वीचेच आडनाव अद्याप नांदते आहे. एकाच देहाला इतके पत्ते असल्यावर खरी वस्ती कोठे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहात नाही.

हा प्रश्न केवळ आजकालच्या शिकलेल्या मुलींचा आहे असे म्हणणारांनी आमच्याच तालुक्यातल्या नाणेघाटात एकदा जाऊन यावे. तेथील लेण्याच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मोठा ब्राह्मी लेख आहे. बहुतेक संशोधक तो सातवाहन राणी नागणिका हिचा मानतात. लेखात ती कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई हे सर्व आले आहे. महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहूनच तपस्विनीचे आयुष्य कंठणारी असेही तिचे वर्णन आहे. आणि त्याच लेखात राजसूय, अश्वमेध असे यज्ञ आणि गायी, घोडे, हत्ती, नाणी यांच्या दानांची लांबलचक यादी आहे. घर, व्रत आणि राज्यकारभाराचा पसारा एकाच बाईच्या माथ्यावर! तिला कोणी 'समतोल कसा साधता?' असे विचारले असेल की नाही, कोण जाणे. त्याच लेण्यात राजघराण्यातील माणसांचे पुतळे होते. ते आता भंगले आहेत. पावलांचे काही अवशेष आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. त्या नावांत राणी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी यांची जोडी आहे, आणि राणीचे नाव राजाच्या आधी आहे.

पुढे याच घराण्यातले राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईच्या नावाने ओळख सांगू लागले. मधल्या शतकांत ती रीत कोठे लोपली हे सांगणे कठीण; परंतु २०२४ सालच्या १ मे रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहावयाचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरविले, तेव्हा जुनेच काही परत आल्यासारखे मला वाटले.

तथापि नाव कागदावर येणे निराळे आणि तेथे टिकणे निराळे. वडील गेल्यावर ओतूरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांची नावे लागली. वर्ष उलटण्याच्या आतच भावाचा फोन आला. "ताई, हक्कसोडपत्रावर सही करायला कधी येतेस?" येशील का, असे त्याने विचारले नाही, कधी, एवढेच विचारले. तो वाईट नाही. आईवडिलांचे दुखणेखुपणे त्याने काढले, रात्री-बेरात्री विजेची वाट पाहून कांद्याला पाणी त्यानेच दिले. कायदा मला ठाऊक होता. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने मुलाइतका वाटा दिला; २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलीसुरली शंकाही दूर केली. परंतु कायद्याला भाऊबीज नसते. आई म्हणाली, "अगं, सही करून मोकळी हो. वाट्यापायी माहेर तुटायला नको." गावातल्या कितीतरी बहिणी याच एका भयाने अंगठा उठवून आल्या आहेत. जमीन सोडली की माहेर राहते, असा हा व्यवहार. आणि जी गोष्ट जन्मानेच आपली, तिची किंमत वरचेवर द्यावी लागते, याचे नवल कोणालाच वाटत नाही.

मी सही केली नाही. भावाला सांगितले, "पीक तुझे, कसणे तुझे; मला त्यातला दाणा नको. पण माझे नाव तेथे राहू दे. ओतूर माझे आहे असे सांगणारा तो एकच कागद माझ्यापाशी आहे." तो बराच वेळ काही बोलला नाही. त्यानंतर दोन महिने फोन नव्हता, आणि ते महिने मला जड गेले. मग एके दिवशी बाजारातला कांद्याचा भाव सांगण्याच्या निमित्ताने त्याने फोन केला. कागदाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो मिटला आहे असे मी म्हणणार नाही.

सासर-माहेर, घर-नोकरी यांत समतोल साधावा, असा उपदेश हल्ली आम्हा मुलींना उठल्यासुटल्या ऐकावा लागतो. उपदेश करणाराच्या डोळ्यांपुढे वाण्याचा तराजू असतो. दोन्ही पारडी एकदा सारखी झाली की काम संपले. मला आठवतात त्या श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या देवळात रचल्या जाणाऱ्या कोरड्या तांदळाच्या पिंडी. दाण्याला दाण्याचाच काय तो आधार. त्या दर सोमवारी नव्याने रचावयाच्या, आणि दर सोमवारी एक वाढवावयाची. बाईच्या आयुष्यातला तोल काहीसा असाच आहे. तो एकदा साधून मोकळे होता येत नाही, आणि पुढच्या खेपेस भार थोडा वाढलेलाच असतो.

म्हणून अलीकडे मला कोणी नाव-गाव विचारले तर मी दोन्ही नावे सांगते आणि दोन्ही गावे सांगते. उत्तर जरा लांबते, हे खरे. विचारणाराने तेवढी सवड काढावी.